जगाचं तापमान आणि आमचे साडू

हा सगळा भारत देश आपल्या एकट्याच्या प्राप्तिकरावर चालतो, असं मनापासून मानणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. लग्न ठरवताना माणूस सासू-सासरे कसे आहेत ते बघतो, मेहुण्याची नोकरी बघतो, घरात पाण्याची सोय आहे का तेही बघतो. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा कोणी बघत नाही. मीही पाहिला नाही. त्यामुळे गेली कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी ते माझ्या घरी येतात, माझ्या खुर्चीत बसून माझा पेपर वाचतात, माझा चहा पितात आणि आपल्या पैशाने हा देश काय काय चैन करतो आहे ते मला ऐकवतात.

बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ नाशिकला गंगापूर रोडवर तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली उतरला की जे जे सरकारी दिसेल ते त्याला स्वतःचं वाटतं. रस्ता खणलेला दिसला की साडूभाऊ खड्ड्याच्या काठावर मागे हात बांधून उभे राहतात आणि आतल्या मजुरांकडे मालकाच्या नजरेने बघतात. देवळालीकडे जाणारी लष्कराची गाडी दिसली की आदराने बाजूला होतात, पण ती गेल्यावर डिझेल कोणाचं आहे याची आठवण करून द्यायला विसरत नाहीत. महापालिकेच्या बागेतली तगरीची फुलं ते पूजेसाठी पिशवी भरून तोडतात. एकदा माळ्याने हटकलं, तर त्याला त्यांनी झाड, माती, खत आणि शेवटी खुद्द माळी हे सगळं आपल्याच पैशातून कसं उभं राहिलं आहे ते समजावून सांगितलं. माळी बिचारा पाण्याचा पाइप तसाच सोडून निघून गेला. गंमत अशी, की निवृत्तीनंतर साडूभाऊंनी ठेवी अर्ध्या बायकोच्या नावे, अर्ध्या सवलतीच्या योजनांत अशा कौशल्याने फिरवल्या आहेत, की सरकारच्या हाती त्यांच्याकडून आता जे पडतं त्यात त्या खड्ड्यातली पाटीभर मातीसुद्धा वर आली नसती. पण हे बोलून दाखवायची सोय नाही. ताई, म्हणजे माझी मेहुणी, हसतात आणि विषय बदलतात. तेवढंच त्यांना इतक्या वर्षांत शिकता आलं.

तर अशा माणसाच्या कानावर एका उन्हाळ्यात बातमी पडली, की जगाचं तापमान वाढतं आहे म्हणून आपल्या देशानेही छोट्या छोट्या देशांना मदत केली पाहिजे, अशी चर्चा चालली आहे. साडूभाऊंनी तेव्हा एसी अठरावर ठेवून अंगावर रजई घेतली होती. त्या रजईतून त्यांनी हात बाहेर काढला, टीव्हीचा आवाज वाढवला आणि पुढचे कित्येक महिने तो कमी केला नाही. समुद्रात बुडणाऱ्या बेटांचा त्यांना इतका राग आला, की जणू ती बेटं त्यांच्या पासबुकावरच बुडत होती. तिथल्या लोकांनी वेळीच उंचावर घरं का बांधली नाहीत, हा त्यांचा पहिला प्रश्न. आमच्या इगतपुरीला छत्री उडून जाईल एवढा पाऊस पडतो, तिथले लोक कधी कुठल्या देशाकडे पैसे मागायला गेले का, हा दुसरा. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर ते हे प्रश्न अनोळखी माणसांनाही विचारत. लोक वेग वाढवत. आयुष्यात कधी न धावलेली दोन-तीन माणसं केवळ साडूभाऊंमुळे पळायला लागली, एवढा एक फायदा त्या वादातून नाशिकच्या सार्वजनिक आरोग्याला झाला.

मला स्वतःला या विषयात ठाम मत नव्हतं. आपल्या देशाच्या पैशावर आधी आपल्या माणसांचा हक्क, हे मलाही पटतं. आणि धूर काही सरहद्दीवर पासपोर्ट दाखवून थांबत नाही, हेही पटतं. पण साडूभाऊंसमोर बसून कुठल्याही बाजूचं मत धरणं शक्यच नसे. ते तुमच्या बाजूने बोलत असले तरी तुम्हाला ती बाजू सोडावीशी वाटते.

आता ज्या माणसाचे हे विचार, त्याला मुलगी कशी असावी? केतकी, आमची भाची, पाण्याच्या योजनांचं शिक्षण घेऊन डेन्मार्कला गेली आणि तिथे तिला एका सरकारी कचेरीत नोकरी लागली. त्या कचेरीचं काम काय, तर डेन्मार्कच्या लोकांनी भरलेल्या करातला थोडा भाग गरीब देशांना द्यायचा. हवामान बदलल्यामुळे जिथे पाणी आटतं, पीक जातं, तिथे काहीतरी उभं करायला. साडूभाऊंना हे कळलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, "म्हणजे तू तिकडच्या लोकांचे पैसे उधळायचा पगार घेतेस. मी तिकडचा असतो तर आधी तुला घरी बसवलं असतं." केतकी हसली. पुढच्या वेळी हेच वाक्य थोडं बदलून पुन्हा आलं, तेव्हाही हसली. मग ती कामाबद्दल बोलेनाशी झाली. वडिलांशी फोनवर तिकडे थंडी किती, इकडे ऊन किती, एवढंच बोलून ती म्हणे, "बाबा, आईला द्या." साडूभाऊंना यात काही वावगं वाटलं नाही. उलट मुलीने वाद घालायचं सोडलं म्हणजे तिला पटलं, असं त्यांनी मला सांगितलं. या माणसाशी वाद घालायचं ज्यांनी ज्यांनी सोडलं, त्या सगळ्यांना पटलं आहे अशीच त्यांची समजूत आहे.

केतकीने तिथल्याच मिकेल नावाच्या मुलाशी लग्न केलं. लग्नाला साडूभाऊंनी विरोध केला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तिकडे नोंदणी, इकडे जेवण, असं सगळं सुरळीत पार पडलं. मात्र मिकेलचे वडील त्यावेळी आजारी असल्याने येऊ शकले नव्हते. ते दोन वर्षांनी, एका जानेवारीत, एकटेच आले. बायको वारलेली, फर्निचरचं दुकान मोठ्या मुलाला देऊन मोकळे झालेले. दारात वाकून यावं लागेल एवढे उंच, आणि बोलणं असं, की एक वाक्य झाल्यावर दुसरं येईपर्यंत चहा निवावा. नाव हेन्रिक. साडूभाऊंनी पहिल्याच दिवशी त्यांचे हेन्रिकराव केले.

साडूभाऊंनी तयारी मोठी केली होती. युरोपातला माणूस म्हणजे झाडांना मिठ्या मारणारा असणार, अशी त्यांची खात्री. त्याला कसं गप्प करायचं याचा सराव त्यांनी आठवडाभर माझ्यावर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गंगापूर रोडच्या पुढे, द्राक्षबागेलगतच्या एका मिसळीच्या ठिकाणी गेलो. हेन्रिकरावांनी पहिला घास घेतला, डोळे पुसले, पाणी प्याले आणि सावकाश इंग्रजीत बोलायला लागले. सांगणं असं, की जन्मभर त्यांनी जे कमावलं त्यातलं निम्मं सरकारने नेलं. शाळेला, दवाखान्याला नेलं त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातलं काही भारतात जातं, हे त्यांना समजत नाही. तुमचा देश चंद्रावर यान पाठवतो. मग आमच्या गावचं वाचनालय बंद पडत असताना आम्ही तुम्हाला पैसे का द्यायचे?

मी साडूभाऊंकडे पाहिलं. जगात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांची वाक्यं त्यांच्याआधी बोललं होतं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण चेहरा असा झाला होता, जणू बागेतला माळी येऊन त्यांच्याच देवघरातली फुलं तोडून गेला होता. ते ताठ बसले आणि ज्या माणसाने बुडत्या बेटांना वर सरकायला सांगितलं होतं, तो माणूस बँकेतल्या जुन्या इंग्रजीत म्हणाला, की ही मदत नव्हे, ही भरपाई आहे. दोनशे वर्षं कोळसा तुम्ही जाळलात, चटके आम्हाला बसताहेत, तेव्हा कृपया विषयाचा नीट अभ्यास करावा. मी मिसळीचा रस्सा पुन्हा मागवला, कारण मला हसू लपवायला काहीतरी हवं होतं. हेन्रिकराव शांतपणे म्हणाले, की त्यांचे आजोबा मासे पकडत आणि थंडीत घरात एकच शेगडी पेटे. साडूभाऊंनी त्या शेगडीचाही हिशेब मागितला. हे भांडण मिसळीवर सुरू झालं, ते तिसऱ्या दिवशी पोह्यांवरही चालू होतं. दोघंही आपापल्या घरात तेच बोलत आले होते, आणि दोघांनाही समोरच्याच्या तोंडून ते भयंकर निर्लज्जपणाचं वाटत होतं.

पोह्यांच्या बशीवरून मान वर करून हेन्रिकराव म्हणाले, की मला ते बघायचं आहे.

"काय?" साडूभाऊंनी विचारलं.

केतकीचं पाणी, असं हेन्रिकराव म्हणाले. मग त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या जेवणाच्या टेबलावर ते केतकीशीही असेच भांडले होते. सून म्हणून त्यांनी तिची गय केली नव्हती. ती म्हणाली, माझ्यावर विश्वास ठेवू नका, जाऊन बघा; माझ्या गावापासून जवळच, हरसूलच्या पुढे एक पाडा आहे, तिथली योजना मी पहिल्यापासून पाहिली आहे. हेन्रिकरावांनी तिला किती माणसं, किती खोल विहीर, कोण सांभाळतं, सगळं विचारून घेतलं, समाधान झालं नाही, म्हणून तिकीट काढलं.

साडूभाऊ ताईंकडे वळून म्हणाले, की हरसूलला असलं काही आहे हे आपल्याला कोणी सांगितलं कसं नाही. ताई पोहे वाढत होत्या. त्यांनी हातातला डाव खाली ठेवला.

"तिनं सांगितलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "फोनवर. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात."

इतक्या वर्षांत ताईंनी विषय बदलला नाही, अशी ही पहिलीच वेळ. त्यानंतर पोहे सगळ्यांनी मान खाली घालून खाल्ले. हेन्रिकरावांना मराठी येत नव्हती, पण तेही मान खाली घालून खात होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीतून आम्ही चौघं निघालो. गिरणारे मागे पडलं, वाघेऱ्याचा घाट लागला, आणि साडूभाऊ पुन्हा मूळपदावर येऊ लागले. तिथे काही नसणारच, असलं तर बंद पडलेलं असणार, उद्घाटनाची पाटी तेवढी शिल्लक असेल, असं त्यांचं भाकीत. भरपाई म्हणून घेतलेल्या पैशाचं वाटोळं झालेलं असावं अशी इच्छा धरणारा भरपाईचा पुरस्कर्ता मी दुसरा पाहिला नाही. हरसूलला बाजार भरला होता. तिथून आत वळून, दोनदा वाट चुकून, शेवटी आम्ही पाड्यावर पोचलो.

चढावर एक टाकी होती, तिच्याजवळ कुंपणात सोलरच्या पाट्या, आणि खाली घरांच्या मध्ये दोन नळ. दोन्ही नळांना पाणी येत होतं. साडूभाऊंचा जरासा हिरमोड झाला, पण माणूस धीराचा. त्यांनी कुंपणाभोवती फेरी मारली आणि सापडवलंच. एका पाटीला तडा गेला होता, कुंपणावर कोणाची तरी गोधडी वाळत होती, आणि पाट्यांच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. "बघा हेन्रिकराव, तुमचे पैसे," असं म्हणत त्यांनी शेळ्यांकडे बोट दाखवलं. हेन्रिकरावही काही कमी नव्हते. त्यांना एक नळ गळताना दिसला. तीन दिवस भांडलेले दोघे व्याही आता खांद्याला खांदा लावून दोष शोधत पाडाभर हिंडू लागले. एक उंच, एक बुटका. दोघांचेही हात मागे बांधलेले. इतकं सौहार्द मी त्यांच्या भेटीपासून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पाणी भरायला आलेली एक बाई थांबली. नाव जिजाबाई, योजनेची देखभाल बघणाऱ्या पाड्यातल्या बायकांपैकी ती एक. हा गोरा माणूस कोण, असं तिने मला विचारलं. ज्यांच्या देशाने या टाकीला पैसे दिले त्यांतला हा एक, असं मी सांगितलं. तिने हेन्रिकरावांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "बरं हाय पाणी. उन्हाळ्यात एकच टाइम येतं, पण येतं. दरीत नाय जावं लागत." मग सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "केतकीताई कशा हायत?"

ताईंनी तिचा हात धरला. तुम्ही तिला कशा ओळखता, असं विचारलं. जिजाबाईने सांगितलं, की ती दोनदा येऊन राहून गेली. इथेच, त्या समोरच्या घरात. बायकांबरोबर हंडा घेऊन दरीतल्या झऱ्यावर उतरली, वर येताना दोनदा बसली, आणि तेव्हा आम्ही लय हसलो. मी ताईंकडे पाहिलं. त्यांना तारखा जुळवाव्या लागल्या नाहीत. सुट्टीत आली असताना दोन्ही वेळा केतकी घरी सांगून गेली होती, की इगतपुरीला मैत्रिणीकडे जाते.

"तुम्ही कोण तिचे?" जिजाबाईने विचारलं.

प्रश्न साडूभाऊंकडे बघून होता. जन्मभर विचारल्याशिवाय बोलत आलेल्या माणसाला विचारल्यावर बोलता येईना. हेन्रिकरावांना त्या सगळ्या बोलण्यातलं केतकी एवढंच समजलं होतं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माय डॉटर."

साडूभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग जिजाबाईकडे. मग खाली बघत म्हणाले, "मुलगी माझी आहे."

"तुम्ही व्हय ते," जिजाबाई म्हणाली. "त्या सांगायच्या, बाबा नाशकालाच असतात, येतील एकदा बघायला." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती पुढे एवढंच म्हणाली, की या बाबांना लांबून यावं लागलं, तुम्हाला तर जवळ होतं. आणि चहा ठेवायला आत गेली.

तो कोरा चहा साडूभाऊंनी बशीत ओतून घेतला आणि बशी तशीच धरून बसले. मी इतकी वर्षं त्यांची टिंगल करत आलो आहे, पुढेही करणार आहे, पण त्यावेळी मला त्यांच्याकडे बघवेना. परतीच्या वाटेवर हेन्रिकराव झोपले. घाट उतरून गिरणारे आल्यावर साडूभाऊ बोलले ते एवढंच, की उन्हाळ्यातही दोन वेळा पाणी यायला पाहिजे.

संध्याकाळी त्यांनी केतकीला फोन लावला. मी समोर होतो. बरं केलंस, छान केलंस, असा शब्द त्यांच्या तोंडून निघणार नव्हताच. त्यांनी सुरुवात तडा गेलेल्या पाटीपासून केली. मग गळणारा नळ, मग शेळ्या, मग गोधडी. मग टाकी एवढ्या चढावर का बांधली, असं दरडावून विचारलं. पलीकडून ती सांगू लागली. साडूभाऊ मध्येच म्हणाले, "थांब, पहिल्यापासून सांग." आणि ऐकत बसले. चहा आला, गेला. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या दिवशी केतकी आईला द्या म्हणाली नाही, आणि ताईंनीही फोन मागितला नाही.

कोणाला वाटेल, की साडूभाऊ बदलले. असल्या माणसांना ती सवय नसते. हेन्रिकराव परत गेल्यावर दर रविवारी दोघांचा फोन सुरू झाला, तोही माझ्या घरून, कारण माझं वाय-फाय चांगलं आहे. दोघांचं आता पूर्ण एकमत आहे. डेन्मार्क सरकारने बाहेर पैसे देऊ नयेत असं हेन्रिकराव म्हणतात, भारत सरकारने देऊ नयेत असं आमचे साडू म्हणतात, आणि दोघं एकमेकांच्या शहाणपणावर खूश असतात. एकदा न राहवून मी म्हणालो, की साडूभाऊ, तुम्हा दोघांचं सरकारांनी ऐकलं असतं तर त्या पाड्यावर आज नळ नसता. त्यांनी माझ्याकडे अतिशय तुच्छतेने पाहिलं.

"त्या पाड्याची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. "तिथे आपली केतकी होती."

बुडणाऱ्या बेटांवरही कोणाकोणाच्या केतक्या असतील, हे मी बोललो नाही. बोललो असतो तर कोणती केतकी कोणत्या बेटावर आहे, ते त्यांनी विचारलं असतं.

गेल्या वर्षी केतकीचा विभाग दुसऱ्या विभागात मिसळला आणि आपल्याकडची कामं तिच्या हातून गेली. आता ती तिथल्याच एका शहराच्या सांडपाण्याचं बघते. तिकडचा पैसा इकडे यायचा थांबला. साडूभाऊंच्या मनासारखं झालं. त्या रविवारी ते आले, खुर्चीत बसले, आणि पेपर उघडलाच नाही. तिला वाईट वाटलंय, असं म्हणाले. मग म्हणाले, गाडी काढता का?

एप्रिलचं ऊन होतं. पाड्यावर पोचलो तर जिजाबाई लेकीकडे गेलेली, शेळ्या सावलीला, गळका नळ बदललेला. दोन्ही नळांना पाणी होतं. साडूभाऊंना ते केतकीला दाखवायचं होतं, पण खाली फोनला रेंज नाही. रेंज फक्त टाकीच्या वरच्या खडकावर येते, आणि तिथून नळाची धार दिसत नाही. दम लागलेला, शर्ट घामाने चिकटलेला, अशा अवस्थेत ते त्या खडकावर चढले. मी खाली नळाशी उभा राहून त्यांना हात करत होतो. फोन लागला. ते मोठ्याने ओरडून सांगत होते, म्हणून मला खाली ऐकू येत होतं. "येतंय गं. दोन्हीला येतंय. मी आत्ता बघून आलो."

पलीकडून उत्तर आलं नसावं. रेंज गेली होती, की ती बोलत नव्हती, ते मला खालून कळलं नाही. साडूभाऊ फोन कानापासून काढून बघत, पुन्हा कानाला लावत, भर उन्हात त्या खडकावर उभे राहून कितीतरी वेळ नुसतं हॅलो, हॅलो म्हणत होते.